बाओच्या नावावरून फिरलेली बोटं

पहिला दिवस : नानजिंग

महसूल खात्यात माझी बत्तीस वर्षं गेली. कारकून म्हणून लागले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे शांघायला नोकरी करणाऱ्या भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, चीनमध्ये तुला काय बघायचंय?" तेव्हा तोंडून आपसूक निघालं, "मला कचेरी दाखव." परीक्षा घेऊन अधिकारी नेमायची रीत ज्या देशात तेराशे वर्षं चालली, तिथलं परीक्षेचं ठिकाण, तिथली तालुक्याची जुनी कचेरी आणि लोकांनी मनापासून मानलेल्या एखाद्या अधिकाऱ्याची काही खूण, एवढंच मला हवं होतं. तिने रजा टाकली आणि बेत आखला : नानजिंग, खायफंग, नेइशियांग, बीजिंग. चिनी ती वाचते, बोलते. मी नुसती विचारत राहिले.

शांघायहून सकाळच्या वेगवान गाडीने दीड तासात नानजिंग. सामान हॉटेलवर टाकून थेट चोंगहुआ दरवाजा गाठला. मिंग घराण्याचा पहिला बादशहा चू युआनचांग याने १३६८ साली ही आपली राजधानी केली आणि शहराभोवती विटांचा तट बांधून घेतला. वीट म्हणजे केवढी? हातभर लांब, वीतभर रुंद, एकट्या माणसाने उचलायची म्हटलं तर कंबर धरेल अशी. भाचीने एका विटेच्या कडेला बोट टेकवलं. तिथे अक्षरांची रांग उमटलेली होती : जिल्ह्याचं नाव, देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, मग कारकुनाचं, मग गावच्या मुकादमांची, भट्टीवाल्याचं आणि शेवटी वीट थापणाऱ्या माणसाचं. वीट कच्ची निघाली तर जाब कुणाला विचारायचा ते विटेवरच कोरलेलं.

मी एकेका विटेवर कारकुनाचं नाव शोधत निघाले. अधिकाऱ्याचं नाव दगडावर जातं हे ठाऊक होतं, पण सहाशे वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाचं नाव आजही वाचता येतं हे बघून मला भरून आलं. आमच्याकडे आवक-जावक नोंदवहीत कारकुनाची एक आद्याक्षरी सही असायची, तीही पुढे वाळवी खायची.

दुपारी छिनहुआई नदीकाठचं च्यांगनान परीक्षा-आवार. दक्षिण सोंग काळात, ११६८ साली सुरू झालेलं हे ठिकाण भरभराटीच्या दिवसांत वीस हजारांहून जास्त कोठड्यांचं होतं. आज मधला टेहळणी मनोरा, नमुन्यादाखल उभ्या केलेल्या काही कोठड्या आणि जमिनीखाली बांधलेलं संग्रहालय आहे. कोठडीत जाऊन बसले. हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. समोरची बाजू उघडी, दारच नाही. आत दोन फळ्या. दिवसा एकीवर बसायचं, दुसरीवर लिहायचं. रात्री दोन्ही एकाच उंचीवर सरकवून आडवं व्हायचं, तेही पाय पोटाशी घेऊन. चिनी आठव्या महिन्यात परीक्षेच्या तीन फेऱ्या व्हायच्या, प्रत्येक फेरीत तीन दिवस याच जागेत. स्वयंपाक इथेच, पाऊस आला तर उत्तरपत्रिका पोटाशी धरायची तीही इथेच. एवढ्या हजारोंमधून निवड व्हायची शंभर-सव्वाशे जणांची, आणि ही झाली नुसती प्रांताची पायरी. त्याआधी तालुका-जिल्ह्याच्या चाळण्या, त्यानंतर राजधानीची परीक्षा, आणि तिथेही निभावला तर बादशहासमोरची.

संग्रहालयात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती लाल आणि काळ्या शाईच्या कागदांपुढे. परीक्षार्थी काळ्या शाईने लिहायचा. मग त्याचं नाव कागद चिकटवून झाकायचे आणि सरकारी लेखनिक अख्खा पेपर लाल शाईने नव्याने उतरवून काढायचे. परीक्षकाच्या हातात पडायची ती ही लाल नक्कल, म्हणजे हस्ताक्षरावरूनही माणूस ओळखू येऊ नये. हजारो उत्तरपत्रिका, शब्दन् शब्द. या लेखनिकांच्या बोटांचं काय होत असेल! शेजारच्या कपाटात तळहातात लपणारी, मुंगीएवढ्या अक्षरांची कॉपीची पुस्तकं होती. इतक्या कडेकोट परीक्षेतही माणूस वाट शोधतोच.

परीक्षेत नापास झालेल्यांचं काय, हे भाचीला विचारलं तर तिने एकाच माणसाची गोष्ट सांगितली. हाँग शिऊछुआन कॅन्टनच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला, आजारी पडला, त्याला दृष्टान्त झाले, आणि पुढे त्याने थायफिंगचं बंड उभारलं. १८५३ साली याच नानजिंगला त्याने आपली राजधानी केली. गंमत म्हणा की दुर्दैव, त्यानेही सत्तेवर येऊन परीक्षाच घेतल्या. बंडात माणसं मेली ती कोटींच्या घरात. १८६४ साली शहर परत घेणारा सेनापती त्संग कुओफान हा स्वतः परीक्षेतून वर आलेला. शहर जळून गेलेलं असताना त्याने घाईने दुरुस्त करून घेतलं ते हे परीक्षा-आवार, आणि त्याच वर्षाअखेर इथे परीक्षा घेतली. लोकांना 'राज्य परत आलं' हे पटवायला त्याला यापेक्षा खात्रीचा उपाय सुचला नाही, आणि मला वाटतं त्याचं बरोबर होतं.

बाहेर आलो तर हवेत दाट गोड वास. ओस्मँथसची झाडं फुलली होती. परीक्षेचा निकाल याच फुलांच्या दिवसांत लागायचा, म्हणून त्या यादीलाही याच झाडाचं नाव होतं.

दुसरा दिवस : प्रवास

नानजिंग ते खायफंग. रेल्वे, खिडकीबाहेर सपाट शेतं. संध्याकाळी रात्रीच्या बाजारात मेंढीच्या रश्श्याचा वाडगा तिने घेतला, मी भाजलेली रताळी खाल्ली आणि लवकर झोपले.

तिसरा दिवस : खायफंग

उत्तर सोंग घराण्याची ही राजधानी. पण ते शहर आज दिसत नाही. पीत नदीच्या पुरांनी आणलेल्या गाळाखाली ते कित्येक मीटर खोल गाडलं गेलं आहे. त्यामुळे तळ्याकाठी 'खायफंग प्रशासन कचेरी' म्हणून जी भव्य वास्तू दाखवतात ती अलीकडे नव्याने बांधलेली. तिथे मुखवटे लावून न्यायनिवाड्याचं नाटक होतं, लोक टाळ्या वाजवतात. मला त्यात राम वाटला नाही. मला बघायचा होता एक दगड, आणि तो शहराच्या संग्रहालयात आहे.

दगडावर खायफंगच्या प्रमुख अधिकाऱ्यांची यादी कोरली आहे : ९६० ते ११०५, एकंदर १८३ नावं, कोण कधी हजर झाला ते. सवयीने हिशेब केला. सरासरी एकेकाच्या वाट्याला दहा महिनेही येत नाहीत. बदल्यांचा हा वेग आमच्या खात्यालाही माहीत आहे.

सगळी अक्षरं बऱ्यापैकी वाचता येतात. एका ठिकाणी मात्र दगडाला खळगा पडला आहे. गुळगुळीत, थोडा काळपट, अंगठ्याने दाबल्यासारखा. तिथे बाओ चंग हे नाव होतं. शेकडो वर्षं लोक यायचे, यादीत 'आपला बाओ' शोधायचे आणि नावावर बोट ठेवून शेजारच्याला दाखवायचे. दाखवून दाखवून नावच पुसलं गेलं.

मी तिथे किती वेळ उभी होते ते भाचीने नंतर सांगितलं, पाऊण तास. मला आमच्या कचेरीतली खिडकी आठवत होती. दाखल्यासाठी येणारी माणसं कोपर टेकून उभी राहायची, त्या जागी लाकडी चौकटीचा रंग उडून लाकूड चकचकीत झालं होतं. तीही माणसांच्या घासण्याचीच खूण. फक्त ती कौतुकाची नव्हती, ताटकळण्याची होती.

बाओ चंग (९९९–१०६२) चीनमध्ये घराघरात माहीत आहे. नाटकांत त्याचं तोंड काळं रंगवतात आणि कपाळावर चंद्रकोर काढतात. दंतकथा बाजूला ठेवल्या तरी नोंदलेलं जे आहे ते पुरेसं आहे. १०२७ साली तो परीक्षा पास झाला, पण आईवडील म्हातारे म्हणून जवळजवळ दहा वर्षं नेमणूक घेतली नाही. पुढे दक्षिणेत त्वानचौला गेला. तिथले शाई उगाळायचे दगड नामी. दरबारात पाठवायचे त्याच्या कित्येक पट आधीचे अधिकारी वसूल करायचे आणि बड्या लोकांना नजराणे द्यायचे. बाओने ठरलेले तेवढेच पाठवले आणि मुदत संपल्यावर एकही दगड बरोबर न घेता गेला. घरच्यांसाठी त्याने लिहून ठेवलं : माझ्या वंशात जो कुणी नोकरीत पैसे खाईल त्याने घरी परतू नये, आणि मेल्यावर त्याला कुळाच्या स्मशानात जागा नाही.

खायफंगला तो होता जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष. तिथे त्याने केलेली एक गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. आधी फिर्याद द्यायची तर ती दरवाजावरच्या कारकुनांमार्फत आत जायची. आत जाण्याआधी काय काय द्यावं लागत असेल ते सांगायला नको. बाओने मुख्य दरवाजा उघडा टाकला. या, समोर उभे राहा, स्वतःच्या तोंडाने सांगा. बस्स, एवढंच.

तो खायफंगला आला ते १०५७ साल. त्याच वर्षी याच शहरात झालेल्या परीक्षेत सू शी नावाचा विशीतला मुलगा बसला होता, जो पुढे चीनचा लाडका कवी झाला. मुख्य परीक्षक ओउयांग शिऊला एक उत्तर फार आवडलं, पण त्याला वाटलं हे आपल्याच शिष्याचं असणार. पक्षपात नको म्हणून त्याने त्याला पहिला नंबर न देता दुसरा दिला. नाव उघडलं तर ते सू शीचं. झाकलेल्या नावाने एकाचा नंबर गेला हे खरं, पण परीक्षकाचा हात थबकला तो कुणाच्या भल्यासाठी नाही, स्वतःवरच्या संशयाने. अशी माणसं असल्याशिवाय नुसत्या लाल शाईने परीक्षा स्वच्छ होत नसते.

चौथा आणि पाचवा दिवस : नेइशियांग

नानयांगपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. भाचीच्या मैत्रिणींनी तिला विचारलं होतं, नेइशियांगला कशाला जाताय? साधं तालुक्याचं गाव. पण जुन्या काळची तालुका कचेरी जवळजवळ संपूर्ण उभी असलेल्या मोजक्या ठिकाणांत हे आहे. कचेरी स्थापन झाली १३०४ साली. आताची बांधणी १८९४ पासून पुढे उभी राहिली. १९८४ पासून संग्रहालय. मी मुक्काम दोन दिवसांचा ठेवला होता तो यासाठीच.

प्रवेशासमोरच्या आडोशाच्या भिंतीवर एक प्राणी कोरला आहे. त्याचं नाव 'थान', म्हणजे हाव. त्याच्या पायांशी सगळं धन आहे तरी तो सूर्य गिळायला निघाला आहे. बाहेर पडताना अधिकाऱ्याच्या नजरेसमोर तोच.

चिनी तालुक्याचा अधिकारी हा सातव्या दर्जाचा. छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळात असे तालुके सुमारे तेराशे, आणि बहुतेक लोकांना आयुष्यात दिसणारं सरकार म्हणजे हाच एक माणूस. सारा वसूल करणं, खून-मारामारीचे निवाडे, धान्याची कोठारं, पूर, दुष्काळ, शाळा, पहिल्या पायरीच्या परीक्षा, सगळं त्याच्याकडे. लोक त्याला 'आईबाप अधिकारी' म्हणायचे. भाचीने हा शब्द उलगडून सांगितला आणि मी चमकलेच. आपल्याकडे 'मायबाप सरकार' म्हणत हात जोडून उभी राहिलेली माणसं मी किती पाहिली!

त्याला स्वतःच्या प्रांतात नेमत नसत. घरापासून पाचशे ली, म्हणजे सुमारे अडीचशे ते तीनशे किलोमीटरच्या आत तर नाहीच. मुदत साधारण तीन वर्षं. भाऊबंदांचा दबाव येऊ नये हा हेतू चांगला, पण त्यातून दुसरंच घडायचं. अधिकारी परका. त्याला इथली बोली कळायची नाही, कुणाचा बांध कुठे ते माहीत नाही, आणि नाड्या हाती येईतो बदली.

मग काम कोण चालवायचं? मुख्य सभागृहासमोरच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांत त्याचं उत्तर आहे. सहा विभाग : नेमणुका, महसूल, विधी-समारंभ, सैन्य, फौजदारी, बांधकाम. राजधानीतल्या सहा मंत्रालयांची ही तालुक्यातली छोटी रूपं. या खोल्यांत स्थानिक कारकून आयुष्यभर बसायचे. अधिकारी यायचे, जायचे, दप्तर यांच्याकडे. त्यांना पगार नावापुरता, म्हणून प्रत्येक अर्जामागे, प्रत्येक शिक्क्यामागे 'रिवाजाचे' पैसे. ते वर चढू शकत नसत. अधिकारी व्हायचा राजमार्ग परीक्षेचा, आणि कचेरीतल्या प्यादे-शिपायांच्या मुलानातवंडांना तर परीक्षेला बसायचीच बंदी.

महसूलच्या खोलीत एक बुटकं टेबल, त्यावर कुंचला आणि शाईचा दगड ठेवलाय. मी उंबऱ्यात बसून राहिले. मी कारकून म्हणून लागले तेव्हा माझ्यासमोरही एक रस्ता होता. खात्यांतर्गत परीक्षा होती. रात्री मुलं झोपल्यावर अभ्यास केला, दुसऱ्या खेपेला पास झाले. ती एक फट उघडी होती म्हणून मला माझं काम नीट करावंसं वाटलं. या खोलीतल्या माणसाला ती नव्हती. चाळीस वर्षं तेच टेबल, नंतर त्याच टेबलाशी त्याचा मुलगा. इतिहासात चिनी कारकुनांना लबाड म्हणून झोडपलंय, आणि लबाडी होतीच. पण ज्याला पगारही नाही आणि पुढे वाटही नाही त्याच्याकडून सचोटी मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

अधिकाऱ्याचाही मूळ पगार बघा : वर्षाला ४५ लिआंग (चिनी वजनाचं माप) चांदी. त्यातून तो पदरचे सल्लागार ठेवायचा, एक फौजदारीचा, एक महसुलाचा, कारण परीक्षेत त्याने पाठ केलेले असायचे ते कन्फ्युशियसचे ग्रंथ. कायदा आणि हिशेब नाही. हे सल्लागार बहुधा शाओशिंग गावचे. १७२० च्या दशकात योंगचंग बादशहाने वेगळा भत्ता सुरू केला, मूळ पगाराच्या अनेक पट. त्याचं नाव फार सुंदर आहे : 'सचोटी पोसणारी चांदी'.

मुख्य सभागृहाच्या फरशीत दोन दगड बसवले आहेत. पूर्वेचा फिर्यादीचा, पश्चिमेचा आरोपीचा. दोघांनीही गुडघे टेकायचे. न्याय मागणारा आणि ज्याच्यावर आळ तो, दोघे खाली. वर एकटा अधिकारी. मी फिर्यादीच्या दगडाशी वाकून वर बघितलं. तिथून टेबलाची पुढची फळी दिसते आणि त्यामागे खुर्चीची पाठ. बसलेल्या माणसाचा चेहरा दिसायला मान पार मागे टाकावी लागली असती. मी माझ्या टेबलासमोर बाक ठेवून घेतला होता तो नोकरीच्या एकविसाव्या वर्षी, एक म्हातारे गृहस्थ फेरफाराच्या नोंदीसाठी पाचव्यांदा येऊन उभ्या-उभ्याच खाली बसले त्यानंतर. त्याआधीची वीस वर्षं माणसं उभीच होती. नेइशियांगच्या त्या फरशीवर मला ती सगळी दिसली.

अधिकाऱ्याच्या खुर्चीतून बघितलं तर काय दिसतं? अंगणात दगडी कमान, आणि तिच्यावर खुर्चीकडे तोंड करून सोळा अक्षरं. दहाव्या शतकातली ही ताकीद सोंग बादशहाने देशभरच्या कचेऱ्यांत लावायला लावली. भाचीने सांगितलेला अर्थ मी असा लिहून घेतला : तुझा पगार, तुझा भत्ता, रयतेच्या अंगातलं तूप आहे ते. खालच्या माणसाला छळणं सोपं, वरच्या आभाळाला फसवणं अवघड.

पाचव्या दिवशी सकाळी दारं उघडताच पुन्हा गेलो, फक्त तिसऱ्या, आतल्या सभागृहासाठी. इथे अधिकारी राहायचा, खासगीत बसायचा. दाराच्या दोन्ही खांबांवर एक जोड-ओळ आहे, गाओ यीयोंग या अधिकाऱ्याची. १६८० साली तो इथे आला, मिंगच्या पाडावानंतरच्या लढायांत मुलूख उजाड झालेला असताना. पडीक जमिनी पुन्हा वहितीखाली आणल्या, पळून गेलेली कुटुंबं परत वसवली. ओळी अशा :

"अधिकार मिळाला यात मान नाही, गेला यात अपमान नाही, पण एक अधिकारी काय कामाचा असंही म्हणू नका, मुलूख सगळा त्या एकावर टेकलेला असतो.

रयतेचं कापड अंगावर, रयतेचं अन्न ताटात. रयतेला फसवता येतं असं समजू नका, आपणही रयतच आहोत."

भाची मोठ्याने चिनीत वाचत होती तेव्हा मागे एक शाळेची सहल येऊन उभी राहिली. मुलांनी शेवटची ओळ तिच्याबरोबर म्हटली. त्यांना ती पाठ होती.

सहावा दिवस : बीजिंगच्या गाडीत

शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी, मांडीवर प्रश्नसंचांचा गठ्ठा. राष्ट्रीय सरकारी नोकरभरतीची तयारी. भाचीने तिच्याशी गप्पा मारल्या. २०२४ च्या भरतीला तीस लाखांहून जास्त उमेदवार पात्र ठरले होते, जागा ३९,६००. मुलगी म्हणाली, "आई म्हणते लोखंडी वाटी मिळव." लोखंडी वाटी म्हणजे न फुटणारी, कायमची नोकरी. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत रात्री अकराला दिवे चालू असतात तेच हे.

आणि हे नातं नुसतं दिसायला नाही. १८५० च्या दशकात इंग्लंडात स्पर्धापरीक्षेने अधिकारी नेमावेत का याची चर्चा झाली तेव्हा बाजूचे आणि विरोधक दोघेही चीनचा दाखला देत होते. १८५५ पासून हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी स्पर्धापरीक्षा सुरू झाली. १८६९ साली ती पास झालेल्यांत आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर होते. त्या मुलीला मी हे सांगायला लावलं. तिने प्रश्नसंच मिटला आणि मला अर्धं संत्रं दिलं.

सातवा दिवस : बीजिंग

सकाळी राजवाडा. गर्दी इतकी की चालता येईना. पण बाओहे महालापुढे थांबलोच. १७८९ पासून शेवटची, बादशहाच्या नावाने होणारी परीक्षा इथे व्हायची. पहिल्या तिघांना निकालाच्या दिवशी राजवाड्याच्या वू दरवाजाच्या मधल्या कमानीतून बाहेर जाता यायचं. त्या कमानीतून एरवी एकटा बादशहा जायचा, आणि सम्राज्ञी तिच्या लग्नाच्या दिवशी. शेतकऱ्याचा मुलगाही आयुष्यात एकदा त्या कमानीखालून चालू शकत होता. अशी माणसं थोडी होती, कारण वीस-वीस वर्षं कमाईविना शिकायचं तर घरी जमीन लागतेच, आणि बाईला तर तो दरवाजा कधीच नव्हता. तरीही ती कमान होती, आणि देशभरच्या खेड्यांत पोरं तिच्याकडे बघून दिव्याखाली बसत होती.

दुपारी कन्फ्युशियसच्या मंदिरात. जुन्या सुरूंच्या सावलीत १९८ शिळा उभ्या आहेत. युआन, मिंग आणि छिंग या तीन काळांत सर्वोच्च परीक्षा उतरलेल्यांची नावं त्यांवर : ५१,६२४. पुढे १९०५ साली परीक्षाच बंद झाली.

"बाओ चंग इथे असेल?" मी विचारलं.

"नाही गं मावशी. तो सोंग काळातला. त्या शिळा इथे नाहीत."

मग मला आठवलं. "आणि गाओ यीयोंग?"

ती फोनवर शोधत बसली. मग उठलीच. तो १६७३ साली पास झाला होता, च्याशिंग गावचा. म्हणजे असायलाच हवा. शिळांच्या रांगांतून आम्ही खांगशी बादशहाच्या बाराव्या वर्षाची, म्हणजे १६७३ ची शिळा शोधत फिरलो. वर त्या वर्षीचा पहिला आलेला हान थान असेल, त्यावरून ओळखू म्हणाली. अर्ध्या तासाने एका शिळेशी ती थांबली आणि हात हलवून मला बोलावलं. पुढे कठडा होता, हात पोचत नव्हता. वरच्या ओळी दिसत होत्या, खाली दगडाचा पापुद्रा सुटलेला. तिने फोनचा कॅमेरा मोठा केला, मी माझा फोन उंच धरून उजेड पाडला, आणि ती एकेक नाव आणि गाव मोठ्याने वाचू लागली. दुसरी रांग संपली, तिसरी सुरू झाली. मंदिर बंद करायची वेळ झाली म्हणून पहारेकरी आला. त्याने आम्ही काय शोधतोय ते विचारलं. तिने खांबावरची शेवटची ओळ म्हणून दाखवली. त्याने घड्याळ बघितलं, आपली मोठी विजेरी काढली आणि चौथ्या रांगेवर धरली.